शाळेनंतर मुलाच्या वतीने कोण बोलणार? दिव्यांग मुलांच्या पुढच्या आयुष्याची तयारी, आठवीपासून

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आठ-दहा दिवसांत पालक येऊ लागतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दाखले, आणि प्रश्न एकच: "बाई, आता पुढे काय?" मी तालुक्याच्या गावी विशेष शिक्षिका आहे. खरं उत्तर असं असतं की हा प्रश्न चार वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. पण ते तोंडावर म्हणवत नाही. म्हणून हा लेख ज्यांची मुलं आत्ता सातवी-आठवीत आहेत, त्यांच्यासाठी आधी. ज्यांची मुलं बारावीला आहेत त्यांनीही वाचावा, फक्त त्यांना भरभर पावलं उचलावी लागतील.

एक मुलगा आठवतो. त्याची दृष्टी खूप अधू होती, पण दहावीला उत्तम गुण पडले. गावातल्याच कॉलेजात अकरावीला गेला आणि पहिल्या चाचणीत तीन विषयांत नापास झाला. चौकशी केली तेव्हा कळलं, तीन महिने तो शेवटच्या बाकावर बसत होता आणि फळ्यावरचं काहीच दिसत नव्हतं. "मग सांगितलं का नाहीस सरांना?" तो गप्प. शाळेत त्याला पहिल्या बाकावर आम्ही बसवायचो, मोठ्या अक्षरातल्या प्रती आम्ही काढायचो, बोर्डाचा फॉर्म आम्ही भरायचो. दहा वर्षांत त्याला एकदाही काही मागावं लागलं नव्हतं. चूक आमची होती. आम्ही त्याला सगळं दिलं आणि मागायला तेवढं शिकवलं नाही.

शाळेत मदत मुलाकडे चालत येते. शाळा संपली की मुलाला मदतीकडे चालत जावं लागतं. पुढची सगळी पावलं या एका फरकाभोवती आहेत.

आठवी: तीन वाक्यं पाठ नव्हे, तोंडात बसायला हवीत

मुलाला स्वतःविषयी तीन वाक्यं बोलता आली पाहिजेत. मला काय अवघड जातं, ते मी कसं करतो, आणि तुमच्याकडून मला काय हवं आहे. उदाहरणार्थ: "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. समोरून बोललात तर ओठांवरून समजतं. मला डावीकडच्या रांगेत पुढे बसू द्या." किंवा: "मला वाचायला वेळ लागतो. कोणी वाचून दाखवलं तर सगळं समजतं. प्रश्नपत्रिकेसाठी मला वाढीव वेळ मंजूर आहे."

या तिन्ही वाक्यांत "बिचारा" कुठे नाही आणि आजाराचं इंग्रजी नावही नाही. कंडक्टरला, प्राध्यापकाला, दुकानदाराला आजाराच्या नावाशी देणंघेणं नसतं, नेमकं काय करायचं ते त्यांना कळायला हवं असतं. पुष्कळ घरांत मात्र मुलाला त्याच्या दिव्यांगत्वाचं नावही सांगितलेलं नसतं. चौदा वर्षांच्या मुलाला आपण रोज कसली गोळी घेतो हे माहीत नसतं. लपवून त्याचं काही भलं होत नाही. आधी घरी बसून साध्या शब्दांत सांगा, मग वाक्यं बनवा. वाक्यं मुलाची असू द्या, तुम्ही फक्त व्याकरण तपासा. तेही फार नको.

सराव ओळखीच्या लोकांपासून सुरू करा. किराणा दुकानदार, शेजारच्या काकू, ग्रंथालयातले काका. मग अनोळखी: रिक्षावाला, दवाखान्यातल्या नोंदणीच्या खिडकीवरची ताई. यात सगळ्यात कठीण काम तुमचं आहे. मूल अडखळलं की आईच्या तोंडून पुढचं वाक्य आपोआप निघतं. डॉक्टरांनी मुलाला विचारलं "काय होतंय?" आणि उत्तर बाबांनी दिलं, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. मनात दहापर्यंत आकडे मोजा. तोवर मूल बहुतेक वेळा बोलतं.

ज्या मुलांना बोलता येत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी वाक्यांऐवजी चित्रांची वही, गळ्यातलं कार्ड किंवा फोनवरचं बोलकं ॲप. तिथे पहिला शब्द "नाही" असू द्या. नको, थांब, दुखतंय, घरी जायचंय. आपल्या मुलांना आज्ञाधारक राहायचं इतकं शिकवलेलं असतं की अंगाला कोणी हात लावला तरी ती नकार देत नाहीत. पाळी, दाढी, अंघोळ, कपडे बदलताना दार लावणं, कोणासमोर काय करायचं नाही, हे सगळं याच वयात, चित्रं दाखवून, पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं. लाज वाटते म्हणून पुढे ढकलणारे पालक नंतर फार मोठ्या अडचणीत सापडलेले पाहिले आहेत.

एसटी, शंभराची नोट, सकाळचा गजर

स्वावलंबन हा शब्द भाषणात फार वापरला जातो. मी त्याचा अर्थ तीन गोष्टींपुरता धरते: स्वतः उठता येतं का, स्वतः प्रवास करता येतो का, शंभर रुपये हाताळता येतात का.

प्रवास शिकवायची आमची रीत सांगते, कारण पालकांना सगळ्यात जास्त भीती तिचीच वाटते. एकच मार्ग निवडा, समजा घर ते तालुक्याचा स्टँड. पहिले काही दिवस शेजारी बसून जा, पण तिकीट मूल काढेल. मग त्याच गाडीत तुम्ही चार सीट मागे बसा आणि अनोळखी असल्यासारखं वागा. त्यानंतर मूल गाडीत आणि तुम्ही मागून दुचाकीवर. मग मूल एकटं, आणि उतरल्यावर एक फोन. शेवटी फोनही नाही. कुणाला यासाठी तीन आठवडे लागतात, कुणाला वर्ष. मध्ये एक दिवस मुद्दाम "गाडी चुकली तर" याचा सराव करा. चौकशीच्या खिडकीवर जाऊन काय विचारायचं, कोणाला फोन लावायचा, हे प्रत्यक्ष करून बघा. वेळापत्रकाप्रमाणे सगळं घडलं तर आपल्या एसटीत ते नवलच म्हणायचं, त्यामुळे हा सराव वाया जात नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना एसटीत तिकिटावर ७५ टक्के सवलत आहे. ओळखपत्र मुलाच्या खिशात हवं, आईच्या पर्समध्ये नाही.

पैशांचं थोडक्यात: आठवड्याला ठरलेली रक्कम द्या, संपली तर वाढवून देऊ नका. यूपीआय शिकवताना पिन आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नाही हे त्याच दिवशी शिकवा.

फोन हे या मुलांचं सगळ्यात स्वस्त साधन आहे आणि घरोघरी ते फक्त व्हिडिओ बघायला वापरलं जातं. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासून असतं, दृष्टिहीन मूल त्यावर मराठी मेसेज ऐकू शकतं. लाइव्ह ट्रान्सक्राइब समोरच्याचं मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं, कर्णबधिर मुलाला कॉलेजच्या खिडकीवर त्याचा फार उपयोग होतो. संगणकासाठी एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयावर दृष्टिहीनांना आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना पुस्तकं मिळतात. ही साधनं अकरावीत शिकायला बसलं तर अभ्यास आणि साधन दोन्ही अंगावर येतं. नववीतच हात बसू द्या.

नववी: फाईल

आता कंटाळवाणं पण टाळता न येणारं काम. एक जाड फाईल घ्या. तिच्यात सगळ्यात वर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि मग सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. सिव्हिल हॉस्पिटलात या तपासणीचे वार ठरलेले असतात आणि प्रत्येक विभागाचा वार वेगळा असू शकतो. आधी विचारून जा, नाहीतर मानसोपचाराच्या दिवशी तुम्ही हाडांच्या डॉक्टरांची वाट बघत बसाल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा २१ प्रकारची दिव्यांगत्वं मानतो. आरक्षण आणि बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के लागतात. दाखल्यावर तीन गोष्टी नीट वाचा.

पहिली, मुदत. लहानपणी काढलेला दाखला पुष्कळदा तात्पुरता असतो आणि खाली बारीक अक्षरांत तारीख असते. ती तारीख ऐन प्रवेशाच्या महिन्यात संपली की काय धावपळ होते ते विचारू नका. अध्ययन अक्षमतेच्या मुलांचं तर १८ व्या वर्षी पुन्हा मूल्यमापन होतं. शाळेत मिळालेल्या दाखल्यावर कॉलेजची सगळी वर्षं निघतील असं धरू नका. हे दाखले ठरावीक सरकारी रुग्णालयांतच मिळतात. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयांत ही सोय आहे, पण तारीख मिळायला वेळ लागतो.

दुसरी, नावाचं स्पेलिंग. आधारवर "दत्तात्रय", शाळेच्या दाखल्यावर "दत्तात्रेय", यूडीआयडीवर वडिलांचं नाव गायब. ऑनलाइन अर्जाला हे चालत नाही. शाळेच्या दाखल्यातली दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंत सोपी असते, एकदा सोडल्याचा दाखला हातात पडला की तेच काम डोंगराएवढं होतं. म्हणून नववीतच सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा.

तिसरी, दिव्यांगत्वाचा प्रकार. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलाला "अस्थिव्यंग" असं ढोबळ लिहून दिलेलं पाहिलं आहे. पुढे राष्ट्रीय न्यासाच्या, म्हणजे स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच असलेल्या सरकारी संस्थेच्या, योजना घ्यायला गेल्यावर ते कुटुंब अडकलं.

याच फाईलमध्ये अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि जात पडताळणी, शाळेने आतापर्यंत दिलेल्या सवलतींची पत्रं, सगळे वैद्यकीय अहवाल. सवलतींची जुनी पत्रं जपा. पुढची परीक्षा घेणारी संस्था "आधी कधी लेखनिक घेतला होता का?" असं विचारते, तेव्हा तोच पुरावा असतो. फाईल कुठे आहे आणि तिच्यात काय आहे हे मुलाला ठाऊक हवं. झेरॉक्स त्यालाच काढून आणायला सांगा.

दहावी: सवलत घ्या, पण तिची किंमत बघून

वाढीव वेळ तासाला किमान २० मिनिटं. लेखनिक, वाचक, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका. हे मागण्यात कमीपणा नाही. काही पालक "आमच्या मुलाला सवलत नको, तो सगळ्यांसारखाच लिहील" म्हणतात. चष्मा लावणाऱ्याला आपण कधी म्हणतो का, बिनचष्म्याचा पेपर दे?

लेखनिकाबरोबर पेपर लिहिणं हे मात्र वेगळं कौशल्य आहे. उत्तर डोक्यात आहे म्हणून ते सांगता येईलच असं नाही. विरामचिन्हं सांगणं, आकृती शब्दांत मांडणं, लिहिलेलं वाचून घेणं, लेखनिक स्वतःचं काही घुसडत असेल तर थांबवणं. किमान पाच-सहा सराव परीक्षा लेखनिकाबरोबरच द्या. लेखनिकाच्या शिक्षणाची अट परीक्षेगणिक बदलते आणि स्पर्धा परीक्षांत संस्थेनेच लेखनिक पुरवण्याकडे आता कल आहे. माहितीपुस्तिकेतलं ते पान दरवर्षी नव्याने वाचा, मागच्या वर्षीच्या ताईने काय केलं त्यावर जाऊ नका. ४० टक्के भरत नाहीत पण लिहिता येत नाही, अशांसाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार प्रकरणात लेखनिकाचा हक्क मान्य केला आहे. खिडकीवर कोणी "चाळीसच्या खाली नाही मिळत" म्हणालं तर ते नाव सांगायचं.

आता किंमत. विषय बदलून मिळण्याच्या सवलती असतात, त्यात गणित सोडायचा मोह सगळ्यात मोठा. एका वर्षाचा त्रास वाचतो, पण विज्ञान शाखा आणि अनेक तांत्रिक अभ्यासक्रम त्याच दिवशी बंद होऊ शकतात. हा निर्णय शाळेने निकाल वाढवण्यासाठी घ्यायचा नाही. मुलाला काय करायचं आहे ते आधी, विषय नंतर. काही मुलांसाठी गणित सोडणं हाच शहाणपणा असतो, हेही तितकंच खरं.

पुढच्या वाटा

दहावीलाच घोडं अडलं असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, बघा. एका नोंदणीवर पाच वर्षं मिळतात, एकेक विषय सोडवत जाता येतं आणि पास झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात. गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री असे विषय घेता येतात, भारतीय सांकेतिक भाषाही विषय म्हणून आहे. वर्षाला दोन विषय अशा चालीने दहावी झालेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या घरात निकालाच्या दिवशी पेढे वाटताना कोणी वर्षं मोजली नाहीत. महाराष्ट्राचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे.

कॉलेज, पॉलिटेक्निक, पदवी: सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आणि वयाच्या वरच्या मर्यादेत ५ वर्षांची सूट, हे २०१६ च्याच कायद्यात आहे. प्रवेश परीक्षेच्या अर्जात दिव्यांग रकाना भरायचा राहिला तर नंतर ना वाढीव वेळ मिळतो ना राखीव जागा, म्हणून तो अर्ज सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका. तो दिवसाला शंभर अर्ज भरतो. वैद्यकीयसारख्या शाखांत पूर्वी टक्केवारीच्या आकड्यावरूनच मुलांना बाद केलं जायचं. महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या आकड्यावर प्रवेश नाकारता येणार नाही, तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का हे तपासावं लागेल.

कॉलेज निवडताना प्रवेशाआधी मुलाला घेऊन एक पूर्ण दिवस तिथे काढा. रॅम्प सगळे दाखवतात. तुम्ही स्वच्छतागृह बघा: व्हीलचेअर आत गेल्यावर दार लागतं का? लिफ्ट आहे, पण तिची किल्ली कोणाकडे असते? प्रयोगशाळा कितव्या मजल्यावर? स्टँडपासून गेटपर्यंतचा रस्ता पावसाळ्यात कसा असतो? समान संधी कक्ष, म्हणजे अशा विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारा कॉलेजचा विभाग, असेल तर तिथे मुलाने स्वतः जाऊन आपली तीन वाक्यं बोलायची. मिळालेलं आश्वासन लेखी घ्या, निदान त्याच संध्याकाळी एक ईमेल पाठवून ठेवा. मी एका विद्यार्थिनीसाठी एका कॉलेजात गेले होते तेव्हा "तिचे वर्ग खालीच ठेवू" असं तोंडी मान्य झालं. ऑगस्टमध्ये वेळापत्रक बदललं आणि पोरगी दोन महिने जिन्यावर बसून मैत्रिणींच्या वह्या उतरवत राहिली. कागद नव्हता, त्यामुळे भांडायलाही आधार नव्हता.

मुंबईतल्या सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र २००३ पासून आहे. तिथे शिकत नसलात तरी काय काय मागता येतं याचा अंदाज यावा म्हणून एकदा बघून या. कर्णबधिरांसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, हाजी अलीजवळ शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. सायनला दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे, तिथे मुलाची कामाची क्षमता तपासून प्रशिक्षण आणि नोकरीसाठी मार्गदर्शन होतं. मुंबईला एक फेरी मारायचीच तर ती नववी-दहावीच्या सुट्टीत मारा.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षी संपते. पुढे कार्यशाळा: पणत्या, राख्या, आकाशकंदील, कागदी पिशव्या, फाईली. चांगल्या कार्यशाळा आहेत आणि त्यांत जागा कमी आहेत, म्हणून नाव आधी नोंदवा. पण कार्यशाळेत गेल्यावर दोन प्रश्न विचारा. इथून आजवर किती जण बाहेर कामाला लागले? आणि मुलांना महिन्याला हातात किती मिळतं? उत्तर टाळलं गेलं तर ती दिवसभर मुलं सांभाळण्याची जागा आहे. त्याचीही गरज असतेच, फक्त ते कळून निवडा.

कामाची चव सतरा वर्षांच्या आत

अंध म्हणजे टेलिफोन ऑपरेटर नाहीतर संगीत शिक्षक, कर्णबधिर म्हणजे शिवणकाम, मतिमंद म्हणजे पणत्या. हे साचे आपल्या डोक्यात इतके घट्ट बसले आहेत की मुलाला काय आवडतं हे विचारायचंच राहून जातं. विचारूनही त्याला सांगता येत नाही, कारण त्याने काही करून पाहिलेलंच नसतं.

उपाय साधा आहे. सुट्टीत दोन-दोन आठवडे वेगवेगळ्या जागी पाठवा: ओळखीची बेकरी, झेरॉक्सचं दुकान, रोपवाटिका, वाचनालय, मामाचं गॅरेज. पगार नको, पण वेळेवर जायचं आणि कोणाच्या हाताखाली काम करायचं. रोज संध्याकाळी वहीत चार ओळी लिहा. किती वेळ सलग बसला? कशाने चिडला? आवाज सहन झाला का? काय सांगावं न लागता केलं? स्वमग्न मुलगा बेकरीच्या गल्ल्यावर अर्ध्या तासात कावराबावरा झाला, पण आत बसून खारीची पाकिटं मोजून भरण्यात एकदाही चुकला नाही, असं काहीतरी या वहीतच सापडतं. अशी माहिती बुद्ध्यांकाच्या अहवालात नसते.

दुकानदाराला आधी भेटून मुलाविषयी खरं सांगा, झटके येत असतील तर तेही. आणि "दयेने ठेवा" म्हणू नका. चुकलं तर त्याला इतरांसारखं बोला, असं सांगा.

नोकरीच्या बाजूला सरकारी पदांत ४ टक्के आरक्षण आहे. दृष्टिदोष, श्रवणदोष, अस्थिव्यंग आणि चौथ्या गटात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांगता, असे प्रत्येकी १ टक्का. कोणतं पद कोणत्या प्रकारासाठी योग्य मानलं आहे हे जाहिरातीत असतं, ते वाचूनच अर्ज करा. खासगी क्षेत्रातही आस्थापनांनी समान संधी धोरण जाहीर करावं असं कायदा म्हणतो. मुलाखतीला जाण्याआधी ते मागून बघा, उत्तर काय येतं त्यावरून कंपनीचा स्वभाव कळतो.

अठरावा वाढदिवस

या दिवशी कायद्याच्या नजरेत मूल सज्ञान होतं आणि तुमची सही चालेनाशी होते. बँकेतलं अज्ञान खातं अडकतं, तेव्हा बहुतेकांना हे पहिल्यांदा कळतं.

दृष्टिहीन, कर्णबधिर, अस्थिव्यंग, अध्ययन अक्षम मुलांना पालकत्वाचा कागद लागत नाही. ती स्वतः सही करतील किंवा अंगठा देतील. बँकेत कोणी "आईला सोबत आणा" म्हणालं तर मुलाने शांतपणे व्यवस्थापकांना भेटायचं आणि तेच पुन्हा सांगायचं.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, आणि मोठ्या व्यवहारांचे निर्णय मुलाला खरंच घेता येत नसतील, तर राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली कायदेशीर पालकत्व मिळतं. ते जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली स्थानिक स्तर समिती देते, कोर्टात जावं लागत नाही. पालक नेमल्यावर सहा महिन्यांच्या आत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, ते विसरू नका. पण "सगळे काढतात म्हणून" हा कागद काढू नका. २०१६ चा कायदा दिव्यांग व्यक्तीचा निर्णय तिच्याशी बोलून, तिच्या मदतीने व्हावा या बाजूचा आहे. ज्या मुलीला आपले कपडे, जेवण, मैत्रिणी, काम ठरवता येतं, तिच्या आयुष्यावर सरसकट शिक्का कशाला?

याच चार प्रकारांसाठी निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत. त्यात थेरपीचा खर्चही येतो, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, फोनमध्ये आठवण लावून ठेवा.

मतदार यादीत नाव घालताना दिव्यांग असल्याची नोंद करा आणि पहिल्या मतदानाला मुलाला सोबत न्या. हे मी योजनांच्या यादीत मुद्दाम घालते. रांगेत उभं राहून बोटाला शाई लावून आलेलं मूल घरी वेगळ्याच चालीने येतं.

पैसे, भरभर

शिष्यवृत्तीसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल आणि राज्याचं महाडीबीटी पोर्टल, दोन्ही बघा. तांत्रिक पदवी किंवा पदविकेला असणाऱ्यांसाठी एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, सक्षम शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलमध्ये होतो. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवा, ग्रामसभेत उभं राहून त्याचा हिशेब विचारा. राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे आणि आयुक्तालय पुण्यात आहे, तक्रार अडली तर तिथे लेखी द्या. आई किंवा वडील सरकारी नोकरीत असतील तर दिव्यांग अपत्याचं नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी कार्यालयात आजच नोंदवा. निवृत्तीनंतर, किंवा आई-वडील गेल्यावर, भावंडांना हे काम करताना नाकीनऊ येतात.

शाळेनंतरचं पहिलं वर्ष

सगळं करूनही कधी प्रवेश मिळत नाही, कधी काम सुटतं. मग मूल घरी बसतं. पहिले पंधरा दिवस सुट्टीसारखे जातात. दिवाळीपर्यंत ते दुपारी बाराला उठायला लागतं, वजन वाढतं, बोलणं कमी होतं, आणि आपण दहा वर्षांत शिकवलेलं हळूहळू पुसलं जातं. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त मुलं इथे हातची जातात.

म्हणून प्रवेश असो वा नसो, १५ जूनपासून आठवड्याचं वेळापत्रक भिंतीवर हवं. रोज एकदा घराबाहेर, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कारणासाठी. दूध आणणं चालेल, वाचनालय चालेल, मंदिरात फुलं पोचवणं चालेल. आठवड्यातून एकदा समवयस्कांसोबत, ज्यात आई नाही. घरातलं एक काम पूर्णपणे त्याचं, आणि ते त्याने केलं नाही तर दुसऱ्या कोणी करायचं नाही. पाण्याची टाकी भरायचं काम असेल तर एक दिवस घर कोरडं राहील. राहू द्या.

एक वही

शेवटचं पाऊल पालकांसाठी आहे आणि ते बहुतेक जण टाळतात. एक दोनशे पानी वही घ्या आणि तुम्ही नसाल तेव्हा मुलाला सांभाळणाऱ्यासाठी लिहा. औषधं आणि मात्रा, ॲलर्जी, डॉक्टर. मग छापील कागदांत न मावणाऱ्या गोष्टी: वीज कडाडली की पलंगाखाली जातो, ओढू नका, टॉर्च द्या. वरणात कढीपत्ता दिसला तर ताट सरकवते. "उठ" म्हटलं तर उठत नाही, गाणं लावलं तर उठतो. अनोळखी पुरुषाच्या आवाजाला घाबरते. खोटं बोलताना कान ओढतो. ज्याला थोडंफार सांगता येतं त्याने अर्धी वही स्वतः भरायची, चित्रं काढूनही चालेल.

दर जूनमध्ये, नवीन दप्तरांच्या दिवसांत, वही पुन्हा वाचा आणि बदललेलं खोडा. एक प्रत फाईलमध्ये, एक भावंडांकडे, एक शेजारच्या काकूंकडे.